घोट्यात प्लेट आहे, पोहायच्या टँकवर परत कसं उतरायचं?

गुजरीकर

मंडळी, नमस्कार. जानेवारीत कागलकडनं येताना ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावरून गाडी घसरली. हंगामात आपल्याकडं हे काय नवं नाही. डावा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. ऑपरेशन झालं, बाहेरून प्लेट, आतून स्क्रू. टाके निघून कितीतरी दिवस झाले, जखम कोरडी आहे. आता अडीच महिने होत आले. परवा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "हाड चांगलं धरतंय. काठी घेऊन चाला. पोहायला हरकत नाही, पण जपून." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता जपून म्हणजे काय, हे कुणीतरी सांगा.

मी साज घडवतो. दिवसभर बैठं काम, मान खाली, हात चालू. सकाळचा टँक होता म्हणून अंग हलत होतं. घोटा मोडल्यापासून नुसतं बसून पोट सुटलंय, झोप उडालीय आणि घरात सगळ्यांवर खेकसतोय, असं बायकोचं म्हणणं. संध्याकाळी पाऊल सुजून चपलेत मावत नाही.

विचारायचंय ते असं. पाय मारले तर चालतील का? ब्रेस्ट स्ट्रोक माझा आवडता, तो करू का? फिन्स, म्हणजे पावलात घालायचे रबरी पंख, घालून पाय लवकर मोकळा होतो असं टँकवरचे एकजण म्हणाले. दुसरे म्हणाले, क्लोरिनच्या पाण्यानं आतली प्लेट गंजते. शिवाय एप्रिलमध्ये पोरांच्या सुट्ट्या लागल्या की टँकवर पाय ठेवायला जागा नसते, त्याआधी काहीतरी सुरू करावं म्हणतोय.

भुदरगडचा पोरगा

दादा, टँकबिंक सोडा, आमच्या विहिरीवर या. पाणी कसलं गार, दोन मुटके मारले की घोटाबिटा सगळा जाग्यावर येतोय. आणि रोज पायाचं सूप. आमच्या आजोबांचा हात असाच मोडलेला, त्यांनी कुठला एक्स-रे काढलेला?

मंगळवार पेठेतल्या काकू

वरच्या पोराचं मनावर घेऊ नका. विहिरीत उतरायला उभ्या दगडी पायऱ्या, त्यावर शेवाळ, आणि खाली उभं राहायला तळ लागत नाही. नदीचंही तेच. घाटाच्या पायरीवर धडधाकट माणूस घसरतो. आणि ऑपरेशनचा व्रण नवा असताना साचलेल्या किंवा वाहत्या उघड्या पाण्यात पाय घालूच नये. मुटका मारायचे दिवस परत येतील की.

मी डॉक्टर नाही. बँकेतून निवृत्त झाले आहे आणि बायकांच्या बॅचला पोहते. जोतिबावरून उतरताना पडले आणि गुडघ्याखाली नडगीचा वरचा भाग मोडला. तो सांध्यातला मोड असल्यामुळं मला तुमच्यापेक्षा जास्त दिवस पाय टेकायला बंदी होती. म्हणून पाण्यातला पाय हा विषय मला जरा जवळून माहीत आहे. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

आपण टँकवाल्यांना वाटतं, पाणी म्हणजे पोहणं. मोडलेल्या पायाचं गणित उलटं आहे. आधी पाण्यात चालायचं, पोहायचं त्यानंतर, आणि पाय मारायचे सगळ्यात शेवटी. कारण पाणी तुमचं वजन घेतं, पण पीळ घेत नाही. छातीपर्यंत पाण्यात उभे राहिलात तर त्या घोट्यावर जमिनीच्या मानानं फार थोडा भार येतो, दुखतही नाही. आडवे होऊन पाय मारलेत तर भार शून्य, पण पाऊल प्रत्येक वेळी पाण्याला ढकलताना मुरगळतं. आणि दुखत नाही म्हटल्यावर माणूस जोर वाढवत जातो. पाण्यात हीच गोची आहे, दुखणं उशिरा कळतं. रात्री अंथरुणावर.

मला डॉक्टरांनी वीस किलोच भार टाका म्हणून सांगितलेलं. वीस किलो म्हणजे किती, हे पायाला कसं कळणार? तर घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, कुबड्यांवर उभं राहायचं आणि दुखरा पाय काट्यावर हळूहळू दाबायचा. काटा विसावर आला की थांबायचं. परत उचलायचा, परत दाबायचा. नातू शेजारी बसून "आजी, बावीस! आजी, अठरा!" असं ओरडायचा. तळपायाला ती सवय लागली. पाण्यात काटा नेता येत नाही, तिथं खोली हाच काटा. मान बुडेल एवढ्या पाण्यात सुरुवात केली, मग खांदे, मग छाती. कंबरेइतक्या पाण्यात यायला बराच काळ गेला. म्हणजे टँकच्या खोलगट बाजूकडून उथळ बाजूकडं सरकत यायचं, कडेचा दांडा धरून. लहान पोरांच्या टँकमध्ये मात्र जाऊ नका. तिथं पाणी मांडीपर्यंत, म्हणजे जवळजवळ जमिनीवर चालल्यासारखंच.

चालताना टाच आधी टेकते का बघा. काठीवर चालणारा माणूस नकळत पाऊल चपटं टाकतो. पाण्यात सावकाश चालायला मिळतं, म्हणून टाच, तळवा, बोटं ही चाल तिथंच परत बसते. पुढं चाला, मागं चाला, कडेला तोंड करून आडवं चाला. मागं चालणं बावळटपणाचं दिसतं, पण पोटरीला ते फार मानवलं.

आता पोहणं. तुम्हाला फ्रीस्टाइल येत असेलच. दोन मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे पाय तरंगता ठेवणारा फोमचा ठोकळा, धरा, पाय मागं नुसते तरंगू द्या आणि हातानं पोहा. दम भरपूर लागतो, पोट उतरवायचं असेल तर ह्यासारखं काही नाही. बॅक स्ट्रोकही असाच करता येतो. भिंतीपाशी टर्न मारायची नाही. हातानं भिंत धरा, सावकाश वळा, ढकलायचं झालं तर उजव्या पायानं. वर्षानुवर्षं पोहणाऱ्याचा पाय भिंत दिसली की आपोआप उठतो, म्हणून पहिले काही दिवस मी भिंतीच्या चार हात अलीकडंच थांबत होते.

ब्रेस्ट स्ट्रोक सध्या नाही. ह्याचं कारण माझ्या फिजिओनं सांगितलं ते पटण्यासारखं आहे. घोटा बहुतेक वेळा मोडतो तो शरीराच्या मानानं पाऊल बाहेरच्या बाजूला पिळलं जाऊन. ब्रेस्ट स्ट्रोकच्या किकमध्ये आपण पाऊल नेमकं तसंच बाहेर वळवतो आणि शिवाय त्यानं पाणी ढकलतो. फिन्सचं तर बोलूच नका. पावलाची लांबी दुप्पट केली की घोट्यावरची ओढही वाढते. ते एकजण कोण आहेत मला ठाऊक नाही, पण वीरधवल खाडे आपल्या गावचा, १६ व्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला पोहला, तेव्हापासून टँकवरच्या प्रत्येक काकाला आपण कोच आहोत असं वाटतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यात सहसा कुणी पडत नाही, काठावर पडतं. अर्धा तास पाण्यात हलकं होऊन चाललेला पाय शिडीच्या एकेका पायरीला परत जड होत जातो. शेवटच्या पायरीवर पूर्ण वजन येतं, अंग ओलं, फरशी ओली, डोळ्यांत पाणी. त्यात काठीच्या टोकाचं रबर ओल्या फरशीवर साबणासारखं सरकतं. म्हणून शिडीच्या अगदी तोंडाशी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवून घ्यायची. शिडी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दोन्ही वेळा तोंड भिंतीकडं. वर आलं की लगेच खुर्चीत बसायचं, टॉवेलनं तळपाय पुसायचे, काठीचं रबरही पुसायचं, रबरी तळाच्या चपला घालायच्या आणि पाय आपलं वजन ओळखू लागेपर्यंत उठायचं नाही. ह्याला पाच मिनिटं जातात, जाऊ द्यात. आमच्या बॅचमधली एक मैत्रीण, "मी येतो की तुझ्याबरोबर, त्यात काय," म्हणाली आणि रोज ती खुर्ची तिनंच सांभाळली. तुमच्याही बॅचला असा कुणीतरी असेल. एकटे जाऊ नका.

एक टँक मला कुबड्या बघूनच नको म्हणाला होता. नाव घेत नाही. डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी खिशात असली की असले वाद लवकर मिटतात.

फिजिओ राजारामपुरी

काकूंनी बहुतेक सगळं लिहिलंच आहे, मी आकडे आणि काही सावधगिरी जोडते.

स्थिर उभं असताना पाणी कंबरेपर्यंत असेल तर पायांवर साधारण निम्मं वजन येतं. छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत असेल तर तिसरा हिस्सा, बायकांत त्याहून थोडं कमी. मानेपर्यंत असेल तर दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. म्हणजे गुजरीकरांचं वजन ८० किलो धरलं तर मानेपर्यंतच्या पाण्यात दोन्ही पायांवर मिळून आठ किलोच्या आसपास. पण हे स्थिर उभ्याचं. चालायला लागलं की भार वाढतो, भरभर चाललं की आणखी. उड्या तूर्त नाहीत.

पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट. त्यामुळं पहिल्या आठवड्यांत पाऊल वरखाली, आतबाहेर करायचं ते अगदी संथ. नंतर जोर वाढवायचा तर वजनं बांधायला नकोत, वेग वाढवला की झालं.

संध्याकाळच्या सुजेसाठी पाण्यात उभं राहणं हाच उपाय आहे म्हटलं तरी चालेल. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब साधारण ७४ मिलिमीटर पारा एवढा असतो. सुजेसाठी आम्ही जे घट्ट मोजे देतो त्यांचा दाब बहुधा २० ते ३०. शिवाय खाली जास्त आणि वर कमी असा दाब असल्यामुळं पावलातलं पाणी वर सरकतं. टँकमध्ये उतरल्यावर थोड्या वेळात लघवीला होतं तेही ह्यामुळंच. म्हणूनच हृदयाचा त्रास किंवा न आवरलेलं बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीपेक्षा थोडे कमी पडतात, त्यामुळं घड्याळातला आकडा बघून "आज दमलोच नाही" असं समजू नका.

तापमान. उपचाराच्या टँकचं पाणी ३३ ते ३५ अंशांचं असतं, स्पर्धेच्या टँकचं २५ ते २८. आपले उघडे टँक गरम केलेले नसतात. पहाटेच्या गार पाण्यात घोटा आखडतो. सध्या काही दिवस सकाळची बॅच सोडून उन्हं तापल्यावरची वेळ बघा.

प्लेट गंजत नाही. ती टायटॅनियमची किंवा शरीरात घालायच्या खास स्टीलची असते आणि कातडीखाली, शिवलेल्या मांसाच्या आत असते. टँकचं पाणी तिथं पोचतच नाही. ज्यांच्या हाडातून सळई किंवा तार कातडीबाहेर आलेली असते, त्यांनी मात्र पाण्यात अजिबात उतरायचं नाही.

थांबायचं कधी? व्रणातून ओल किंवा पू दिसला, पाण्यातून आल्यावरचं दुखणं दुसऱ्या सकाळीही तसंच राहिलं, किंवा घोट्यात काही सरकल्यासारखं वाटलं तर. आणि एकाच पोटरीत अचानक सूज, कळ, गरमपणा असेल तर ती चोळू नका, पोहून मोकळीही करू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखू लागलं किंवा धाप लागली तर तासभरही थांबू नका.

पायाचं सूप चवीला छान, पण त्यात कॅल्शियम फार उतरत नाही. त्यापेक्षा नाचणी, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन पेला मारलात तरी माझी हरकत नाही. तंबाखू आणि विडी-सिगारेट मात्र बंद. निकोटिननं हाड जुळायला वेळ लागतो. गुजरीकर, तुम्ही खाता की नाही मला माहीत नाही, पण कोल्हापुरात विचारावं लागतं.

भुदरगडचा पोरगा

बरं बरं, चुकलं. सूप तरी चालू ठेवा की.

गुजरीकर

सगळ्यांचे आभार. तंबाखूचा बार होता, ऑपरेशनपासून सुटलाय, तेवढंच एक बरं झालं.

दुपारच्या बॅचला जाऊन आलो. चिठ्ठी दाखवली, कुणी काही बोललं नाही. गार्डनं स्वतःच खुर्ची आणून दिली. मानेपर्यंत पाण्यात दांडा धरून उभा राहिलो आणि काकू, काय सांगू, जानेवारीनंतर पहिल्यांदा दोन्ही पायांवर सारखा उभा होतो. टाच टेकवायला गेलो तर लक्षात आलं की मी बोटांवरच चालत होतो. डावी टाच खाली जायलाच तयार नव्हती. बाहेर आल्यावर पाय दगडासारखा जड झाला, ते तुम्ही लिहिलं नसतं तर घाबरलो असतो. सूज त्या संध्याकाळी खरंच कमी होती, चप्पल शिरली.

दोन शंका. पुल बॉय लावला तरी माझे पाय खाली बुडतात. आणि दुसरं, भाच्याचं मनगट मोडलंय, पांढरं नाही, ते निळं फायबरचं प्लास्टर घातलंय. तो म्हणतो हे पाण्यात चालतं, मामा मलाही ने.

मंगळवार पेठेतल्या काकू

पाय बुडतात कारण तुम्ही समोर बघून पोहत असणार. डोकं वर आलं की कंबर खाली जाते. नजर सरळ तळाकडं ठेवा, श्वास घेताना मान उचलायची नाही, कडेला वळवायची. पुल बॉय गुडघ्याकडं धरला असेल तर वर, मांड्यांच्या मुळाशी घ्या. गुडघ्याजवळ धरला की तो सांभाळायलाच पावलं आवळली जातात.

दम वाढवायला आणखी एक आहे. कंबरेला फोमचा पट्टा बांधून खोल पाण्यात उभ्यानं धावायचं, पाय तळाला न टेकता. भार काहीच नाही आणि छाती भरून येते. सुरुवातीला नुसतं हात मारत पुढं सरकतोय असं वाटतं. तसं होऊ द्यायचं नाही, जागच्या जागी अंग ताठ ठेवून गुडघे उचलायचे. हे खोल बाजूला असतं, म्हणून गार्डला सांगून आणि कडेच्या लेनमध्येच करा. त्या वेळी पाऊल सैल सोडा, घोट्यानं पाणी ढकलायचं नाही.

तुमची टाच खाली जात नाही हे फिजिओंना नक्की दाखवा. माझं तसं नव्हतं, त्यामुळं त्यावर मी काही बोलत नाही.

फिजिओ राजारामपुरी

टाचेचं मी सांगते. पोटरी आखडली आहे, इतके दिवस पाऊल खाली लटकत राहिलं की होतंच. छातीपर्यंत पाण्यात भिंतीला दोन्ही हात लावा, डावा पाय मागं, गुडघा सरळ, आणि टाच आपल्या वजनानं खाली जाऊ द्या. ढकलू नका. अर्धा मिनिट थांबा, सोडा, परत. तरीही महिन्याभरात फरक नाही दिसला तर दाखवायला या किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा, कधी कधी सांध्यातच अडथळा असतो.

भाच्याला नेऊ नका. फायबर पाण्यानं विरघळत नाही हे त्याचं खरं आहे, पण आतला कापूस भिजतो आणि तो आत वाळत नाही. दोन-तीन दिवसांत कातडी पांढरी पडून सोलते, खाज सुटते, वास येतो, आणि मग पोरं आत पट्टी नाहीतर सुई घालून खाजवतात. पाण्यात चालणारं खास अस्तर असतं, पण ते घातलं असतं तर डॉक्टरांनी आधीच सांगितलं असतं. प्लास्टर असेपर्यंत त्याची बोटं हलती ठेवा, कोपर आणि खांदा रोज पूर्ण फिरवू द्या. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर हो म्हणाले की टँकवर न्या. पहिल्यांदा पाण्याखाली नुसतं मनगट फिरवायचं, किक बोर्ड, म्हणजे तरंगायची फळी, जोर देऊन धरायची नाही आणि काठावर हात टेकून वर चढायचं नाही, शिडीनंच यायचं.